राबाचा धूर

आमच्या कंपनीचं एक छोटं ऑफिस पळसदरीला न्यायचं ठरत होतं, तेव्हा तिथल्या अडचणींची यादी मी केली होती. वीज कधी जाते, नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात मिळतं, माकडं कुठल्या झाडावरून उतरतात, घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज मीटिंगमध्ये येईल का.

"तुला बरंच माहीत आहे," मॅनेजर म्हणाल्या.

"एकदोनदा गेले आहे," मी म्हणाले.

माझा जन्म तिथला. कर्जतच्या इंग्रजी शाळेत पहिल्याच वर्षी मी बाईंना "पुस्तक नाय आणलं" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून घरची भाषा घरीच ठेवायची सवय लागली. पुढे कॉलेजात, मग ऐरोलीच्या ऑफिसात, घराबद्दलही कुणी फार विचारू नये असं वाटू लागलं. "मुंबईजवळच," एवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

ऐरोलीत मी दोन मुलींबरोबर एका खोलीत राहते. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचे एसी आहेत. आमच्या कामाला तसं ऑफिस लागतच नाही, लॅपटॉप आणि नेट पुरतं. लोक कंटाळून नोकऱ्या सोडत होते, म्हणून वरच्यांनी विचार केला, डोंगर, धरण, झाडं असतील अशा जागी थोडी माणसं बसवून बघू. आधी आठ जणांनी एक आठवडा एका फार्महाऊसवर काम करायचं. जमलं तर ती जागा वर्षभरासाठी घ्यायची आणि ज्यांना हवं त्यांनी कायम तिथून काम करायचं. त्या फार्महाऊसची लिंक मीच पाठवली होती. त्याच्या फाटकापासून आमच्या ओट्यापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. मला दुसरं काही नको होतं.

बाकीच्यांना पावसाळ्यात जायचं होतं. मी म्हणाले, पावसात वीज टिकत नाही, मे महिन्यात जाऊ, करवंदं असतात. सगळ्यांना पटलं.

पहिले दोन दिवस फार छान गेले. ऐरोलीत मान वर न करणारा एक सहकारी जेवायला बसल्यावर गाणं गुणगुणायला लागला. मॅनेजर खुर्ची आंब्याखाली घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इथे डोकं चालतं गं." कुणी माझ्या माणसाचं कौतुक करावं तसं मी ते ऐकलं. संध्याकाळी फोनवर बोलत असल्यासारखं करून गच्चीत गेले, की आमच्या घराचे पत्रे दिसायचे. या आठवड्यात घरी येता येणार नाही, असं आईला सांगून ठेवलं होतं. "बरं," ती म्हणाली होती, "मी ओट्यावरचा बल्ब लवकर लावीन. तिकडून बघ." ती खरंच लावत होती, उजेड असतानाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग सुरू झाली आणि धूर आला.

भाताची रोपं जिथे करायची ती जागा आमच्याकडे आधी भाजून घेतात. शेण, तोडलेल्या फांद्या, पातेरा, गवत असे थर, वर थोडी माती, अशी एकेक लांब वळ रचायची. वारा जिकडे जातो त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती धावत नाही, धुमसत मागे मागे येते. हा राब. फार्महाऊसच्या कुंपणाला लागून आमचंच शेत आहे, आणि काका राब भाजत होता.

यादीत सगळं होतं, राब नव्हता. तसं पाहिलं तर मी विसरले नव्हते. त्या धुराला कुणी अडचण म्हणेल, हे मला सुचलंच नव्हतं. मे महिन्याला तोच वास असतो.

लोक खोकायला लागले. मॅनेजर म्हणाल्या, "तू मराठीत नीट बोलशील. जा, त्या माणसाला थांबायला सांग." गुणगुणणारा सहकारी सोबतीला आला.

काका फांदीने कडेची आग दाबत होता. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग माझ्या मागे उभा असलेला सहकारी दिसला, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. मी ओळख दाखवली नाही. तो सरळ उभा राहिला.

"बोला मॅडम."

काका मला बाय म्हणतो. रागावला तर भवानी म्हणतो. "बोला" असं तो मला जन्मात कधी म्हणाला नव्हता.

"धुराचा त्रास होतोय," मी शाळेतल्या मराठीत म्हणाले. "काही दिवस थांबता येईल का?"

"ही वळ पेटली हाय, ती आता इझायची नाय. बाकीचं तुमी गेल्यावर भाजू." मग सहकाऱ्याकडे बघून म्हणाला, "पावन्यांना तरास नको."

परतताना सहकारी म्हणाला, "किती साधा माणूस आहे."

बाकीचे दिवस कुंपणाजवळ धूर नव्हता. मला काम सुचेना. संध्याकाळी गच्चीतही गेले नाही.

शेवटच्या दिवशी मॅनेजरनी सगळ्यांची मतं घेतली. सगळ्यांना जागा हवी होती. "फक्त तो धूर," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिवसाचा प्रकार होता की दर वर्षी असतो? कुणाला कल्पना आहे?"

'माहीत नाही' म्हटलं असतं तर जागा पक्की झाली असती. ऑफिस माझ्या घरापाशी आलं असतं, आणि दर मे महिन्यात मला काकाला मॅडम होऊन थांबवायला जावं लागलं असतं.

"दर वर्षी असतो," मी म्हणाले. "पंधरा-वीस दिवस, सगळ्यांच्या शेतात. त्या दिवशी भाजत होते ते माझे काका आहेत."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मग आपण तुझ्याकडे जेवायला आलो असतो." त्या मनापासून म्हणाल्या होत्या. पण गाडी फाटकात उभी होती. जागा घेतली नाही, हे नंतर एका मेलमधून कळलं.

या मे महिन्यात मी तीन दिवसांची रजा काढून राबाला गेले. फार्महाऊसवर दुसऱ्याच कुठल्या कंपनीची माणसं होती, व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसलेली. काका मला बघून म्हणाला, "या मॅडम, फांदी धरा." वर्ष झालं तरी तो सोडत नाही.

धूर तिकडे गेला तशी एक मुलगी नाकाला ओढणी लावून कुंपणापाशी आली. आमच्या दोघांत कुणाशी बोलावं हे तिला कळेना.

"हिला इचारा," काका म्हणाला. "आमची पोर हाय. विंग्रजी बी येतं."

"अजून किती वेळ चालेल?" तिने विचारलं.

"अकरापर्यंत," मी म्हणाले. "उद्या पण हाय."

तिने डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "किती लकी आहेस. तू इथेच राहतेस?"

मला रविवारी परत जायचं होतं. बॅग आईने सकाळीच अर्धी भरून ठेवली होती.

"घर इथे हाय," मी म्हणाले, आणि पुढची वळ पेटवायला गेले.