माझ्याच नमुन्याची स्लाइड

खोपटला एस.टी. डेपोमागच्या लॅबमध्ये मी दिवसभर बायकांच्या योनिमार्गाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघते. निरोगी बाईच्या नमुन्यात जांभळ्या काड्या दाटीने दिसतात. दह्यातल्या जंतूंचेच ते भाऊबंद. ते आंबटपणा राखतात, म्हणून आतलं अस्तर धड राहतं आणि परकं कुणी सहसा वर सरकत नाही. नव्या मुलींकडून हे मी पाठ करून घेते.

मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पार पडला नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी माझाही नमुना घेतला आणि तो माझ्याच टेबलावर आला. भर दुपार होती, डेपोतल्या घोषणा ऐकू येत होत्या. मी डोळा लावला. काडी एकही नव्हती. सुटून आलेल्या पेशी तेवढ्या होत्या, आणि त्यांना बारीक ठिपके इतके चिकटलेले की पेशीची कडच दिसेना. मी स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत राहिले. राखणदार कधीच निघून गेले होते. त्यांच्या जागी दुसरंच कुणी राहायला आलं होतं, माझ्या आत, आणि मला पत्ता नव्हता. मला माझ्याच अंगाची भीती वाटली.

मग बादलीतल्या जंतुनाशकाचा वास आठवला. आई बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. जंतुसंसर्गाने गेलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. दोन्ही खेपांना ती कोपरला माझ्या घरी येऊन राहिली, आणि रोज माझ्या अंघोळीच्या बादलीत बाटलीतलं झाकणभर जंतुनाशक घालून आतून धुवायला सांगायची. मी धुवायचे. कळत असून धुवायचे, याचीच लाज वाटते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

उपचार झाले. पुढच्या स्लाइडवर काड्या दिसल्या. तिसऱ्यांदा दिवस गेले, आणि आई पिशवीत तीच बाटली घेऊन आली. मी जरा रागानेच सांगितलं की हे औषध राखण करणाऱ्यांनाच मारतं, आता नको.

आई बाटली धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मागच्या दोन्ही वेळी मीच?"

"तसं सांगता येत नाही म्हणाल्या डॉक्टर," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तिने बाटली मोरीत रिकामी केली. वास घरभर पसरला. मग साबण घेऊन ती नळाखाली हात धूत बसली. मी दारातून पुरे म्हणत होते, पण तिचे हात काही थांबेनात.