मतं विचारणारी रोझेला

युद्ध संपल्यावर वर्षभराने माझ्या शेजारणीला, रोझेला क्लिमाला, एक निराळंच काम मिळालं. पूर्वेकडची एक कंपनी देशभरातल्या लोकांची मतं गोळा करून वर्तमानपत्रांना विकत असे. विस्कॉन्सिनच्या आमच्या कोपऱ्यातली मतं रोझेला गोळा करायची. रशियाचं काय करावं, मांसाच्या किमतींवर बंधन असावं का, असे प्रश्न घेऊन ती टोपी घालून दारोदार जायची. शाळेत शिकवणाऱ्या नन सिस्टरांपुढे तोंड न उघडणारी ही मुलगी परक्या माणसांना इतकं धीटपणे कसं विचारते, याचं मला नवल वाटे.

"त्यात काय अवघड आहे?" ती म्हणायची. "परक्याला लोक काहीही सांगतात. ओळखीच्यांशी हवापाण्याचं बोलतात."

घरच्यांना आणि मित्रमंडळींना मात्र विचारायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. तिचा नवरा अँटन चीजच्या कारखान्यात होता. तो कशावरच मत देत नसे. आपण कुणाला मत देतो, हेही त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात हे गप्प बसणं तिला जड जाऊ लागलं. धाकट्या मुलाला, नॉर्बर्टला, अठरा पुरी व्हायच्या आतच नौदलात जायचं होतं आणि त्यासाठी बापाची सही लागत होती. थोरला रेमंड अशीच सही घेऊन गेला होता. पॅसिफिकमध्ये त्याचं जहाज बुडालं. आता अँटन नॉर्बर्टला हो म्हणेना, नाहीही म्हणेना.

"अरे, काहीतरी बोल," रोझेला माझ्यासमोरच म्हणाली. "पोरगं ताटकळलंय."

"बघू," म्हणून अँटन लाकडं फोडायला गेला.

त्याच सुमारास कंपनीकडून नवा प्रश्न आला. प्रत्येक तरुणाला लष्करी शिक्षण सक्तीचं करावं का? एव्हाना गावात रोझेलाच्या ओळखीचा नाही असा माणूस उरला नव्हता. म्हणून तिने पलीकडच्या गावात जायचं आणि तिथल्या डेल्फिन जोसार्टने इकडे यायचं, असं ठरलं. आपला दिवस संपवून डेल्फिन रोझेलाच्या स्वयंपाकघरात येऊन टेकली. मी तिथे कोलाचे नावाच्या गोड पावांत आलुबुखाराचं सारण भरत होते.

"कंपनीने ठरवून दिलेल्यांतला एक माणूस कमी पडतोय," बूट काढत ती म्हणाली. "पन्नाशीच्या पुढचा, अंगमेहनत करणारा. तुमच्या गावातले असे सगळे एकतर झोपलेत, नाहीतर गुत्त्यात बसलेत. पायऱ्यांवर बसलाय तो कोण?"

"माझा नवरा. तो चालत नाही, नियम आहे."

"तुम्हाला चालत नाही. माझा कुठे तो कुणी लागतो?"

आणि पुन्हा बूट चढवून ती बाहेर गेली. दार उघडंच होतं. आम्ही दोघी हात थांबवून ऐकत राहिलो.

"हो," अँटन म्हणाला. "करावं सक्तीचं."

रोझेलाने माझ्याकडे पाहिलं. तो नाही म्हणणार, यावर तिने पैज लावली असती.

"का बरं?" डेल्फिनने विचारलं.

मग तो म्हणाला, "सक्ती असली की पोराला सरकार नेतं. बापाला सही करावी लागत नाही. मी एकदा केली."

"जरा सावकाश सांगा. मला शब्दन् शब्द लिहावा लागतो."

मग त्याने ते पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, तिची पेन्सिल थांबेपर्यंत थांबत. रेमंड गेल्यापासून त्या सहीविषयी तो घरात अवाक्षर बोलला नव्हता. रोझेलाने माझ्या हातातलं सारणाचं भांडं काढून घेतलं, आणि त्याचं काय करावं हे न सुचून परत माझ्याच हातात दिलं.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती मागच्या अंगणात नॉर्बर्टशी बोलत होती.

"मार्चपर्यंत थांब. अठरा पुरी झाली की तुझी तू सही कर."

"म्हणजे बाबा नाही म्हणाले?"

"त्यांना विचारूच नकोस. पुन्हा कधीच नाही."

"आई, मार्चला पाच महिने आहेत."

"मग पाच महिने दुधाचे कॅन उचल. नौदल कुठे पळून जात नाही."

नाताळच्या आधी निकाल छापून आला. बहुतेक लोक सक्तीच्या बाजूने होते. अँटनने तो दोनदा वाचला.

"एवढे लोक हो म्हणतात? यांना पोरं नाहीत की काय?"

"कोण कशासाठी हो म्हणालं, ते छापत नाहीत," रोझेला म्हणाली.

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पान उलटलं.

मार्चमध्ये नॉर्बर्टने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सही केली. अँटन त्याच्या मागे उभा होता. "नाव नीट वाचता येतंय," एवढंच म्हणून तो गाडी सुरू करायला बाहेर गेला.