दप्तराची हजेरी

पेणच्या खाडीकाठच्या आमच्या शाळेत एका पोरीची आई यायची, ती मिठागरावरून थेट. दारात उभी राहून आधी पदराला हात पुसायची, मग बोलायची. थंडीत खोकणारी पोरं मी घरी पाठवायचो; तिची मुलगी मात्र तासाभरात परत वर्गात.

"घरी ठेवून काय करू, गुरुजी? हजेरी कमी भरली तं सरकारचा तांदूल नाय मिलत."

पोरीच्या तोंडाला ती फडकं बांधायची. पोर ते वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला खेळायला द्यायची.

पौषात एके सकाळी आई एकटीच आली. पोर तापाने फणफणली होती. तिने दप्तर पोरीच्या जागेवर ठेवलं, सरळ केलं.

"दप्तर आनलंय. लावा हजेरी."

मी लावली. दप्तराच्या दोन्ही बाजूंना पोरं खोकत होती.