राखेच्या पेटीतली पावलं

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाला एक वैज्ञानिक कारण चिकटवून मोकळी होते. माहेर अकोला, शिक्षण रसायनशास्त्र, स्वभाव खडूस. नवरा म्हणतो, देव भेटला तरी ही आधी त्याचा टेस्ट रिपोर्ट मागेल. त्यामुळे मीच इथे लिहायला बसले आहे हे माझं मलाही पटत नाहीये... तरी लिहिते.

अमरावतीजवळच्या एका प्लांटमध्ये मी केमिस्ट आहे. कारखान्यांचा विषारी गाळ, रंगांचा चोथा, मुदत संपलेली औषधं आमच्याकडे येतात आणि प्लाझ्माच्या भट्टीत जातात. विजेच्या झोताने तिथे एवढी उष्णता तयार होते की लोखंडाचंही पाणी व्हावं. जड भाग वितळून खाली काळ्या काचेसारखा थिजतो. बारीक राख मात्र वायूबरोबर उडते, कापडी फिल्टरमध्ये अडकते आणि खालच्या पोलादी पेटीत साचते. पेटीचं झाकण बोल्टने आवळलेलं, वर नंबरी सील. दर दोन दिवसांनी सकाळी ती उघडायची, नमुना घ्यायचा, राख उडून छातीत जाऊ नये म्हणून लगेच पाण्याचा फवारा मारायचा, मग ती सिमेंटमध्ये कालवून ठोकळे पाडायचे.

हे काम विष्णूकाका करतात. दर्यापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातले, घरची झेंडू-शेवंतीची शेती. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको अकोल्याच्या दवाखान्यात वारली. आमच्याकडे माणूस गेलं की जिथे प्राण गेला त्या जागी पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघतात; उमटलं की जीव येऊन, निरोप घेऊन गेला म्हणायचा. काकांनी पीठ घरी पसरलं होतं. सकाळी ते कोरंच निघालं.

"चूक माहीच," ते मला सांगायचे. "जीव गेला वार्डात, अन् मी पीठ पसरलं घरी. पण दवाखान्यात कोन पसरू देते, मॅडम? थे अजून वाट शोधून राहिली असन."

तेव्हापासून त्यांनी घराला कुलूप लावलं नव्हतं, की कुठे मुक्कामाला गेले नव्हते. धारणीला दिलेल्या लेकीला मुलगी झाली, ती चालायलाही लागली, तरी काकांनी नात पाहिली नव्हती. "थे आली अन् कुलूप पाहून वापस गेली तं?" एवढंच उत्तर. मी एकदा त्यांना समजवायला गेले — पिठात उंदीर फिरतात, झुरळं फिरतात वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी शेवंतीची फुलं आणली. मला माझीच लाज वाटली.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन. सीलचा नंबर मी स्वतः जुळवला, सील मी स्वतः कापलं. काकांनी झाकण उचललं आणि तसेच उभे राहिले.

राख चाळलेल्या पिठासारखी सपाट होती... आणि मधोमध दोन पावलं. अनवाणी, बाईची. दहाही बोटं स्पष्ट. डावा अंगठा बाहेर वळलेला, शेजारच्या बोटाला जोडव्याची खूण. पेटी माझ्या कमरेएवढी, आत हात भाजेल इतकी धग. माणूस सोडा, मांजर शिरायलाही वाट नाही.

माझा हात फवाऱ्यावर गेला होता. सवयीने.

"मॅडम, पाणी नोका मारू. जराक थांबा."

मी थांबले.

"अंगठा पाहा," मास्कमधून काकांचा आवाज आला. "वावरात वखर लागला व्हता तिच्या पायाले. तवापासून असाच." पुढचं बोलणं माझ्याशी नव्हतं. पावलांची बोटं आमच्याच दिशेला होती, आणि काका वाकून त्यांच्याशीच बोलत होते. "घरी कायले जाशीन... दिवसभर मी इथंच तं असतो. बरोबर सापडलो तुले."

मी रडले. खूप रडले. चष्म्याच्या काचा धुरकटून गेल्या.

थोड्या वेळाने काकांनीच माझ्या हातून फवारा घेतला, अगदी बारीक धार केली आणि कडेकडेने सुरुवात करून पावलांवर सगळ्यात शेवटी पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी राख सावडताना घालतात, तसं.

फोटो का नाही, असं विचारणार तुम्ही. त्या विभागात मोबाइल नेऊ देत नाहीत. फिल्टर झटकताना हवेचे झोत सुटतात, त्यांनी राखेत खड्डे पडतात, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. ओल, कंपनं, सगळं धरून पाहिलं. दहा बोटं कशातच बसत नाहीत. राखेचा रिपोर्टही नेहमीसारखाच आला. रजिस्टरात 'विशेष बाब' या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं, आणि नोकरीत मी लिहिलेलं ते एकमेव खोटं. त्या पावलांचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

त्याच दिवशी शिफ्ट सुटताना काका रजेचा अर्ज घेऊन आले. चार दिवस, धारणी. मी सही केली आणि न राहवून विचारलं, "काका, अन् घर?"

"कुलूप लावतो ना," ते म्हणाले. "आता तिथं कोनाची वाट पाहाची?"