डाव्या बाजूचं माप

चहा गॅसवर चढला की सुलताना रोज नवऱ्याच्या मोजपट्टीला खोबरेलाचं बोट लावायची. मुळशीच्या दमट हवेत पोलादी पट्टी लवकर गंजते. मग ती पट्टी नबीलालच्या सदऱ्याच्या खिशात टाकून म्हणायची, "जावा, झाडं वाट बघत्यात."

नबीलाल पौडच्या लाकडाच्या वखारीत माप घ्यायचा. उभ्या झाडाचा घेर बघून किती घनफूट निघेल ते सांगायचा आणि फारसा चुकायचा नाही.

सुलतानाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा आपलं एक तिला द्यायचं हे त्यानं पहिल्या डायलिसिसच्या दिवशीच ठरवलं. रक्तगट जुळला. बावधनला त्याची सोनोग्राफी झाली. डॉक्टर मृण्मयीनं मूत्रपिंडाचं आकारमान कसं काढतात ते कागदावर समजावलं, लांबी, रुंदी, जाडीचा गुणाकार करायचा आणि त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त धरायचं.

"म्हंजी ठोकळ्याचं कोपरं तासल्यावर उरंल तेवढं," नबीलाल म्हणाला.

"अगदी तसंच, काका. उजवं एकशे छत्तीस मिलिलिटर भरतंय. डावं एक्केचाळीसच. तुमचा सगळा भार उजव्यावर आहे."

"मग उजवं काढा. मला डावं पुरंल."

"तसं कुणी करणार नाही, काका."

"अब्बा, माझी तपासणी करू," मुलगा शाकिर म्हणाला. नबीलालनं त्याला थांबवलं. पोराचं लग्न व्हायचं होतं. शिवाय पट्टी तिरकी धरली की माप चुकतं. यंत्रही तिरकं धरलं असेल. त्यानं दुसरीकडे मोजून घेतलं. एकोणचाळीस. मग तिसरीकडे. त्रेचाळीस.

"वाढलं बघ!" तो घरी येऊन म्हणाला.

"व्हय, पुढच्या वर्षी फणसाएवढं हुईल," सुलताना हसली.

यात चार महिने गेले. मग शाकिर बापाला न विचारता तपासून आला. त्याचं जुळलं. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. त्या तारखेच्या अकरा दिवस आधी डायलिसिसच्या नळीतून जंतू शिरले आणि सुलताना तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्या चार महिन्यांचा बोल शाकिरनं बापाला लावला नाही. लावला असता तर नबीलालला सोसलं असतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. त्याआधी, शाकिरच्या खांद्याचा आधार घेऊन उंबरा ओलांडताना, ती नवऱ्याकडे वळून म्हणाली होती, "अहो, दुधावर झाकण ठिवा. मांजर आलंय ओट्यावर."