चपला काढून गाडी चालवणाऱ्या आक्का

आमच्या आक्का गाडीत बसल्या की आधी चपला काढायच्या. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीनं, आणि सीटखाली सरकवून मग अनवाणी पायानं क्लच दाबायच्या. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, आणि त्या पायांनी ती खटारा जीप अशी चालवायच्या की बघणारा बघत राहायचा. मी मात्र खिडकीबाहेर बघत बसायची. कुणी चपलांचं विचारलंच तर आक्का म्हणायच्या, "पायाला कळाय पायजे की, गाडी काय म्हणतीया."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी कोल्हापूर शहरात वाढलेली, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन कोडोलीला आलेली. त्या डोंगरपायथ्याच्या वाडीतल्या, सातवीत शाळा सुटलेल्या. थोरल्या भावजींचा पाय अधू झाला, संस्थेत दुधाचे कॅन पोचवायला माणूस मिळेना, तेव्हा आक्कांनी जीप शिकून घेतली. कुणाकडून, तर "बघून". मी रीतसर ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन, आठचा आकडा काढून लायसन्स मिळवलं, तर गावात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आक्कांच्या जीपला मात्र समोरून येणारी एसटी वाट द्यायची.

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा. लोकांनी त्यांना मान दिला, जाऊ दे, दिला. सासूबाई त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या, तेही सोसलं. पण माझ्या पोटची पोर सई, तीही 'मोठीआई, मोठीआई' करत त्यांच्याच मागं. तिचा पहिला दात हलायला लागला तेव्हा ती अख्खं अंगण ओलांडून, माझ्या समोरून, गोठ्यात त्यांना दाखवायला पळाली. मी हातातलं पीठ तसंच धरून बघत राहिले. संध्याकाळी आक्का म्हणाल्या, "शुभा, पोरीचा दात हलतोय बघ." जसं काही मला बातमीच दिली. त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यांचं आणखी एक काम मला बघवत नसे, कारण ते त्यांना फारच चांगलं जमायचं. ऊस तुटून गेला की रानात पडलेलं पाचट पेटवतात. बाकीचे काडी ओढून मोकळे होतात आणि शेजाऱ्याच्या उसाला लागलं की बोंबलत पळतात. आक्का आधी चिमूटभर माती उडवून वारं बघायच्या. मग बांधाच्या कडेनं एक पट्टी जाळून काळी करून घ्यायच्या, हिरवा डहाळा घेऊन त्या पट्टीत उभ्या राहायच्या आणि तिथनं बाकीचं पेटवायच्या. "मोठीआई, तुला भाजत नाही?" सई विचारायची. "काळ्यात हुबं ऱ्हायलं की न्हाय भाजत. जळून गेल्यालं परत कशाला जळंल?" मी बांधावरून ओरडायची, पोरीला धुरात कशाला नेता म्हणून. धुराची मला तेवढी काळजी नव्हती.

सई सात वर्षांची असताना आम्ही नवी गाडी घेतली. मार्चअखेर होती, बाप्ये ऊसतोडीत अडकलेले. आक्कांच्या माहेरच्या डोंगरावर देवीची ओटी भरायला जायचं होतं. आक्का जीपची किल्ली घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, "आक्का, आज तुम्ही मागं बसा, मी नेते." नवी टाचेची चप्पलही मुद्दाम त्याच दिवशी घातली होती. त्यांनी किल्ली कनवटीला खोचली आणि मागं बसल्या. सईही उडी मारून मागंच बसली, त्यांच्या मांडीवर. पुढची सीट रिकामी ठेवून मी डोंगर चढले.

ओटी भरून दुपारी उतरायला लागलो. तिसऱ्या वळणावर समोर धूर दिसला आणि धुराखाली जाळ. पुढच्या साली गवत जोमानं येतं म्हणून आमच्याकडं डोंगर पेटवतात. पेटवणारा घरी जाऊन जेवतो, वणवा मात्र वारा नेईल तिकडं जातो. खालून तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आमच्याकडंच चढत होता. वर दगडी देऊळ आहे, देवीच्या दारात आग येणार नाही, एवढंच मला सुचलं. मी गाडी वळवायला घेतली.

"वर नगो," आक्का म्हणाल्या. "आग चढाला पळती. खाली घाल, काळ्यात."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. "आक्का, तुम्ही गप्प बसा. गाडी मी चालवतेय."

त्या गप्प बसल्या. मी गाडी वळवली, दोन वळणं वर गेले, आणि बघते तर जाळ उभ्या चढानं आमच्या आधी वर पोचलेला. देवळाचा रस्ता बंद. पुन्हा वळवताना गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. टाच क्लचवरून सटकत होती. सई खोकायला लागली आणि मला रडू फुटलं. माझ्या हट्टापायी माझीच पोर मी जाळात आणली होती.

आता त्या पुढं येऊन मला बाजूला सारतील असं वाटलं. सारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. त्या मागूनच म्हणाल्या, "शुभा, आधी चपला काढ."

मी काढल्या. क्लच पायाखाली आला.

"काचा वर घे. एसी बंद कर. दिवं लाव." ओटीबरोबर नेलेल्या किटलीतलं ताक त्यांनी स्वतःच्या पदरावर ओतलं आणि तो ओला पदर सईच्या डोक्यावरून घेतला. "खालच्या वळणावर कडंचं गवत म्हसरांनी खाल्लंया, तितं जाळ बुटका हाय. त्याच्या पल्याड समदं काळं. थांबायचं न्हाय."

धुरात बॉनेटसुद्धा दिसत नव्हतं. दिसत नव्हतं तेवढं त्या सांगत होत्या. "सरळ. सरळच. आता जरा डावीकडं. भिऊ नगोस, ह्यो माझ्या माहेरचा रस्ता हाय." काचांना धग लागली, कसलातरी तडतड आवाज झाला, आणि एकाएकी उजेड आला. दोन्ही बाजूंना काळाकुट्ट डोंगर, त्यातनं निघणाऱ्या बारीक धुराच्या रेघा, आणि रस्ता मोकळा. सईला साधं पोळलंही नव्हतं. गाडी थांबवून मी मागं हात केला, तर ती त्यांच्या गळ्याला मिठी मारून बसलेली.

घरी सगळे गोळा झाले. आक्का म्हणाल्या, "शुभानं काढली गाडी. म्या आपली पोरगी धरून मागं बसल्याली." माझे मालक आठवडाभर गावाला सांगत होते, आमच्या मंडळींनी वणव्यातनं गाडी काढली. मी एकदाही म्हटलं नाही की असं नव्हतं. 'गप्प बसा' म्हणाले ते तर नाहीच नाही. कौतुक गोड लागत होतं, आणि ते त्यांनी दिलेलं आहे म्हणून घशात अडकतही होतं. सीटला ताकाचा आंबूस वास पावसाळ्यापर्यंत येत होता. नवरा म्हणाला, कव्हरं बदलूया. मी नको म्हटलं.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर आक्का गेल्या. थोडक्या दिवसांचं दुखणं. माफी मागायची राहिली, असं म्हणणार नाही. मागता आली असती, दहा वर्षं अंगणापलीकडंच तर होत्या. मी मागितली नाही.

परवा सईला गाडी शिकवायला माळावर नेलं. अठराची झालीय. बसल्या बसल्या तिनं चपला काढल्या आणि सीटखाली सरकवल्या. मी काहीतरी टोचून बोलणार होते, आणि तोंडातनं भलतंच आलं. म्हटलं, "सई, त्या दिवशी डोंगरावरनं गाडी मी नाही गं काढली. मी तर तुला जाळात नेत होते."

"माहिताय," ती म्हणाली. "मोठीआईच्या मांडीवरनं सगळं ऐकू येत होतं. तू तिला गप्प बसा म्हणालीस ते पण."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मोठीआईनं शपथ घातलेली. म्हणाली, तुझी आई लई भ्याली हुती, तरी स्टेरिंगवरचं हात सोडलं न्हाईत तिनं. कुणाला सांगायचं न्हाय, आईला तर न्हाईच न्हाई."

सईनं गाडी सुरू केली, पहिल्याच फटक्यात, बंद न पाडता. मी खिडकीबाहेर बघत बसले. अकरा वर्षं माझ्या लेकीनं एक गुपित जपलं होतं, माझ्याबद्दलचं, मला सांभाळायसाठी, आणि तेही त्या दोघींचं होतं. आक्का, एवढं एक तरी माझ्या वाट्याला ठेवायचं होतं.