वास नसलेली टिपाडं

परभणीतून गंगाखेड रस्त्याला लागलात की डाव्या हाताला निळ्या टिपाडांची चळत दिसते. ती सारजाबाईची. टिपाड म्हणजे कारखान्यात रिकामं झालेलं प्लास्टिकचं पिंप. कुठल्या तरी कारखान्यात रसायन भरून येतं, रिकामं होतं, चार व्यापाऱ्यांच्या हातून फिरतं आणि शेवटी आमच्या मराठवाड्यात पाण्याचं भांडं होऊन बसतं. नळाच्या भरवशावर इथं कोण राहतंय? घरटी एक तरी टिपाड असतंच. कुणी पाणी भरतं, कुणी ज्वारी, आणि लेकीच्या लग्नात पितळी हंड्याशेजारी निळं टिपाड मांडणारे बापही आहेत. आत आधी काय होतं, हे विचारायची पद्धतच नाही.

सारजाबाईचं माहेर येलदरीकडचं. नवरा सुग्रीव ट्रकवर होता, माल उतरवताना कंबरेतून अधू झाला आणि खाटेवर आला. सगळं घर हिच्या अंगावर पडलं. पण डोक्याला हात लावून बसणारी बाई नव्हे ती. आधी तेलाचे रिकामे डबे विकले, मग रॉकेलचे कॅन, आणि लोकांना मोठं भांडं लागायला लागलं तशी टिपाडं आणली. बाजारात पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसली. कुणी वाकडं बोललं तर त्याच्या सात पिढ्या काढल्याशिवाय उठायची नाही. लोक तिला टिपाडवाली म्हणायचे, आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता.

तिची काम करायची रीत ठरलेली होती. माल उतरला की प्रत्येक टिपाडात मुंडकं घालून ती लांब वास घ्यायची. साबणाचा, शाईचा, सरबताच्या अर्काचा वास तिला कळायचा. नाकाला झोंबलं की टिपाड बाजूला. उरलेली सोड्यानं, राखेनं घासायची, उन्हात पालथी घालायची. आणि सगळ्यात आधी, पाण्यात भिजवून, पत्र्याच्या तुकड्यानं वर चिकटवलेल्या मालाच्या चिठ्ठ्या खरवडायची. चिठ्ठी दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. खरवडलेलं टिपाड नवंकोरं दिसतं आणि हातोहात जातं. सगळेच टिपाडवाले हेच करतात, तिनं काय वेगळं केलं!

कायदा आहे की, नाही कसा? विषारी मालाचं भांडं बाजारात आणायचं नाही, परवाना असलेल्या माणसाकडंच द्यायचं, तो ते रीतीनं धुतो नाहीतर त्याचा चुरा करतो. सारजाबाईनं हे ऐकलं होतं. पण माल देणारा गोपीचंद दर वेळी छातीवर हात मारून सांगायचा, “बाई, आपला माल साबणाचा अन् सरबताचा. जिम्मा माझा.” तिनं विश्वास ठेवला. तिचं नाक तर होतंच वर.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. येलदरीकडची महारुद्र मुकादमाची टोळी दर वर्षी जाता जाता सारजाबाईकडं थांबते. माहेरची माणसं, बाया तिला मावशी म्हणतात. उसाच्या फडाजवळ राहायला पाचटाची कोपी घातली की दारात पाण्याचं टिपाड लागतंच, नाहीतर दिवसभर ऊस तोडून वर पाण्याला वणवण. यंदाही दुपारी त्यांचा ट्रक आला, बायांनी हसत-खिदळत टिपाडं निवडली, मावशीच्या हातचा चहा पिऊन टोळी पोखर्णीच्या दिशेनं गेली.

दुपार कलली आणि गोपीचंदचा फोन आला.

“बाई, परवाची गाडी हाय का अजून?”

“न्हाई. आत्ताच ऊसतोडीवाल्यांनी नेली सगळी. कामून?”

गोपीचंदनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, “कारखान्यात तपासणीवाले आलेत. त्या गाडीत दुसऱ्याच मालाची काई टिपाडं मिसळली म्हणं. गेली तर गेली. कुणी विचारलं तर माझ्याकडून घेतली म्हणू नका.”

“दुसरा माल म्हंजी?”

“फवारणीच्या औषधाचा कच्चा माल.”

“शेठ, मी वास घेतला व्हता की! काईच वास नव्हता!”

“त्याला वास नसतोच, बाई. अन् धुऊनबी जात न्हाई, प्लास्टिकात मुरतं. तुमी गप बसा. इकली तुमी हायत, हे ध्यानात ठेवा. पयल्या तुमीच अडकताल.”

सारजाबाईनं फोन ठेवला. फवारणीचं औषध काय करतं, हे या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. आणि वास नाही म्हणजे साफ, हा हिशेब तिनं आयुष्यभर केला होता! स्वतःच्याच नाकाचा तिला असा राग आला की बस्स.

तिनं महारुद्रला फोन लावला. लावला, परत लावला. पण टोळी निघायच्या दिवशी मुकादम फोन उचलत नसतो. त्या दिवशी सगळ्या दुनियेला त्याच्याशीच काम असतं.

सुग्रीव खाटेवरून ऐकत होता. म्हणाला, “सारजे, जाशील तर धंदा बुडंल.”

“बुडू दे,” ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

दत्ताची जीप नाक्यावर प्रवाशांसाठी खोळंबली होती. सारजाबाईनं पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला दंडाला धरून खाली उतरवलं. दत्ता बघतच राहिला. “मावशी, सीट तर भरू द्या!”

“भरली. हाण गाडी. पोखर्णी.”

दत्तानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं चावी फिरवली. वाटेत तिनं सगळं सांगितलं. एक गोष्ट तिला धीर देत होती. या टोळीची रीत होती : पोखर्णीला नरसिंहाच्या पायाशी थांबायचं, तिथल्या नळाला नवी टिपाडं भरायची आणि नारळ फुटल्याशिवाय त्या पाण्याला तोंड लावायचं नाही. देवाचं पाणी घेऊन निघालं की हंगाम सुखाचा जातो म्हणतात. म्हणजे नारळ फुटायच्या आत पोचायचं होतं.

देवळाजवळ ट्रक उभा होता. बायांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या, नळाच्या पाण्यात शिजणाऱ्या पिठल्याचा वास सुटला होता, आणि टिपाडं काठोकाठ भरून ओळीनं ठेवलेली होती. नारळ फुटला होता! महारुद्र खोबऱ्याचे तुकडे वाटत होता, आणि एक म्हातारी तांब्या हातात घेऊन टिपाडाकडं निघाली होती.

सारजाबाई जीप थांबायच्या आत उतरली. “पेऊ नका! कुणीच पेऊ नका! तांब्या खाली ठेव, आत्या!”

सगळे थबकले. म्हातारीनं दचकून तांब्याच टाकला.

“प्यालं का कुणी? खरं सांगा.”

“आत्ता तर नारळ फुटला,” कुणी तरी म्हणालं. सारजाबाईनं म्हातारीचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग तिनं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

महारुद्रनं कपाळाला आठ्या घातल्या. “काई टिपाडं म्हणतीस. कोणती? तेवढी काढून टाकू.”

“मला न्हाई सांगता यायचं.”

“चिठ्ठ्या असत्यात ना त्याच्यावर? कवटीचं चित्र अस्तंय.”

“असत्यात. मीच खरवडल्या. इकायला बरी दिसावीत म्हणून.”

मग काय विचारता! जो तो तिच्यावर धावून आला. बायांनी बोटं मोडली. एक गडी म्हणाला, भाव वाढला असंल, म्हणून परत न्यायला आली. दुसरा म्हणाला, जीव घ्यायला निघाली व्हतीस की मावशी! तिनं एकालाही उलटून उत्तर दिलं नाही. बाजारात कुणाचं ऐकून न घेणारी ती बाई, तिथं खाली मान घालून उभी राहिली, पण हलली नाही.

“शिव्या मागून द्या,” ती म्हणाली. “आधी टिपाडं. सगळी. चांगली असतील तीबी. पाणी नळाजवळ वतू नका, तिकडं खडीच्या रानात न्या. अन् कोयता आणा.”

“कोयता कशाला?”

“फाडायला. न्हाईतर उद्या कुणी तरी उचलून परत पाणी भरंल.”

तिनं स्वतः एक टिपाड झाकण लावून आडवं केलं, खडीपर्यंत गडगडत नेलं, पाणी वाहून जाऊ दिलं, आणि कोयत्याचा घाव घातला. प्लास्टिक चिवट, कोयता उसळला. तिनं परत घातला. तिसऱ्या घावाला टिपाड उभं फाटलं. मग तिनं दुसऱ्याला हात घातला. घामानं निथळत होती, पदर कंबरेला खोचलेला, आणि थांबायचं नाव नाही. दत्ता मदतीला आला. मग तीच तांब्यावाली म्हातारी उठली आणि आपलं टिपाड आडवं करून गुडघ्यानं गडगडवत आणलं. “घे माय, फाड,” म्हणाली. मग एकेक करत सगळी आली.

सगळी म्हणजे, एक सोडून.

“सविताचं कुठंय?” सारजाबाईनं विचारलं.  एकीची नजर ट्रककडं गेली.

सविता म्हणजे महारुद्रच्या चुलतभावाची सून, पोरगेलीच होती. आपलं भरलेलं टिपाड तिनं गड्यांकडून आधीच ट्रकमध्ये चढवून घेतलं होतं, आणि अंथरुणांच्या मागं त्याला मिठी मारून बसली होती. सारजाबाई वर चढली.

“मावशी, मी न्हाई देणार,” सविता म्हणाली. “माझं चांगलंय. मी दोनदा घासलंय.”

“धुऊन न्हाई जात, पोरी.”

“गेल्या साली टिपाड नव्हतं. कॅनालवरनं पाणी आणताना घसरले. चौथा महिना व्हता. गेलं ते लेकरू.” तिनं टिपाडाची मिठी आवळली. “औंदा परत दिवस हायत. टिपाड पायजे म्हंजी पायजे. तुमचं काय जातं? तुमाला वास आला न्हाई, मलाबी येत न्हाई. पाणी चांगलंच हाय.”

 सारजाबाईला त्या पोरीची एवढी माया आली की डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिच्या हट्टाचा रागही आला. तिनं समजावलं, हात जोडले, शपथा घातल्या. सविता मान हलवत राहिली. खाली महारुद्र ओरडायला लागला, गाडी निघायची वेळ झाली म्हणून.

मग सारजाबाईनं शेजारचा तांब्या उचलला, झाकण काढलं आणि टिपाडात बुडवला.

“चांगलं हाय म्हणतीस ना? मग आधी मी पेते. मला काई झालं न्हाई तर तू पी.”

आणि तिनं तांब्या तोंडाला लावायला उचलला. ती नाटक करत नव्हती, तिच्या डोळ्यांत बघितलं की कळत होतं. तांब्याची कड ओठाला लागणार, तोच सविताच्या हाताचा फटका बसला. तांब्या ट्रकच्या फळीवर आपटून खाली उडाला. दोघींच्या साड्या भिजल्या.

“मावशी, येडी झालीस का!” सविता किंचाळली. आणि मग, स्वतःच काय केलं ते कळून, तोंडावर हात धरून हुंदके देत रडायला लागली.

सारजाबाईनं तिला पोटाशी धरलं. “बस्स, पोरी. तुझ्या हाताला कळलं बघ.”

बायांनी दोघींना खाली घेऊन आधी हातपाय, तोंड नळाच्या वाहत्या पाण्यानं धुवायला लावलं. गड्यांनी सविताचं टिपाड उतरवलं. पण सारजाबाईनं त्याला कोयता लावू दिला नाही. झाकण गच्च बसवून दोरीनं आवळलं.

“हे फाडायचं न्हाई. हे परभणीला प्रदूषणवाल्यांच्या हापिसात न्यायचं. आत काय हाय ते त्यांनी सांगू दे. अन् दत्ता, तू येताना परभणीतनं खाण्यापिण्याच्या मालाची कोरी टिपाडं घेऊन ये, चिठ्ठी असलेली. माझ्या नावावर.”

महारुद्र म्हणाला, “बाई, खुळी का काय? हापिसात गेलीस तर पयली तूच सापडतीस. तो गोपीचंद म्हणंल, माझा संबंध न्हाई. तू एकटी काय सांगणार? अन् तुझ्या टिपाडांसाठी मी गाडी थांबवायचो न्हाई.”

“मला ठाऊक हाय,” सारजाबाई म्हणाली. “एकटी तर एकटी. आज हितं थांबवली, उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल गोपीचंदची असली गाडी.”

ती टिपाड जीपकडं ओढायला लागली. भरलेलं टिपाड, एकटीच्यानं हलेना. तरी ओढत होती. दत्ता दुसऱ्या बाजूनं यायच्या आधीच तिकडं हात लागले. सविता.

“पोरी, सोड. तुला वजन चालत न्हाई.”

“मी उचलत न्हाई, नुसतं धरते.” मग तिनं वळून मुकादमाला सांगितलं, “मामा, मी मावशीसंगं हापिसात चालले. इकणारी ही, घेणारी मी. दोघी असल्यावर कुणी कसं म्हणंल, संबंध न्हाई?”

महारुद्र चिडला. “गाडी निघायलीय, सविता!”

“निघू द्या. माझा नवराबी माझ्याबिगर यायचा न्हाई. आमच्या जोडीचा एक कोयता कमी घेऊन जायचं आसंल तर जावा.”

तिचा नवरा खाली बघत पुढं आला आणि टिपाडाचा भार त्यानं आपल्या अंगावर घेतला. महारुद्रनं दोघांकडं पाहिलं, फाटलेल्या टिपाडांच्या ढिगाकडं पाहिलं, आणि ट्रकच्या ड्रायव्हरला हात करून इंजिन बंद करायला सांगितलं.

सारजाबाईनं जीपमध्ये चढवलेल्या टिपाडाची दोरी परत ओढून पाहिली. तिनं जीपच्या पुढच्या सीटवर सविताला आधी बसवलं आणि मग आपण तिच्या शेजारी बसली.